दुसरीच्या वर्गाचं पालक परिचय सत्र: घरी अभ्यास घेणाऱ्या आजीचा अभिप्राय

आधी गुण सांगून टाकते: पाचपैकी चार. एक गुण का कापला तेही लिहिणार आहे, पण ज्या वर्गशिक्षिकेनं हे सत्र घेतलं तिची तयारी इतकी नेटकी होती की तिच्याबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी आजी आहे. मुलगा आणि सून दोघंही नोकरी करतात, त्यामुळे नात शाळेतून आली की संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ असते. दप्तर उघडणं, वह्या पाहणं, वाचन घेणं, पाढे म्हणून घेणं हे सगळं माझ्याकडे. निवृत्त होईपर्यंत मी बँकेत रोखपाल होते, तेव्हा आकड्यांशी माझं जुनं सख्य. शाळेनं यंदा दुसरीसाठी नवा अभ्यासक्रम आणि वर्गाची नवी दिनचर्या आणली आणि त्याची ओळख करून द्यायला पालकांना बोलावलं. चिठ्ठीवर फक्त ‘आई-वडील’ असं छापलं होतं. सुनेनं बाईंना विचारलं, "आमच्याकडे अभ्यास सासूबाई घेतात, त्या आल्या तर चालेल का?" बाईंनी लगेच कळवलं, "संध्याकाळी मुलीशेजारी जे बसतं, तेच आलेलं सगळ्यात चांगलं." पुढच्या वेळी हे चिठ्ठीवरच छापावं. आजी-आजोबा, आत्या, मावशी, शेजारच्या काकू अभ्यासाला बसतात अशी कितीतरी घरं आहेत आणि त्यांना आपण होऊन विचारायला संकोच वाटतो.

सत्राचे दोन भाग होते. पहिला सभागृहात, पर्यवेक्षकांचा. पडद्यावर दाट मजकूर, आणि ‘अध्ययन निष्पत्ती’, ‘क्षमताधिष्ठित’, ‘सर्वंकष मूल्यमापन’ असे शब्द एकामागून एक. शेजारचे एक तरुण वडील मन लावून पडद्याचे फोटो काढत होते, पण फोटोतून अर्थ कसा कळणार? खरं तर गोष्ट सोपी आहे. एखादा घटक शिकून झाल्यावर मुलाला नेमकं काय करता यायला हवं, ते म्हणजे अध्ययन निष्पत्ती. ‘दोन अंकी संख्यांची वजाबाकी वस्तू वापरून करून दाखवतो’ ही एक निष्पत्ती. धडा संपला की नाही हे पाहण्यापेक्षा मुलाला काय जमायला लागलं ते पाहायचं, हा नव्या अभ्यासक्रमाचा गाभा. तो दोन मिनिटांत सांगता आला असता. त्यावर गेलेला वेळ पाहून माझा अर्धा गुण तिथेच कमी झाला.

दुसरा भाग वर्गात होता आणि तो सोन्यासारखा होता.

बाईंनी आम्हाला मुलांच्या बाकांवर बसवलं नाही. आधी दाराबाहेर उभं केलं आणि म्हणाल्या, "आता तुम्ही दुसरीत आहात, शाळा सुरू होतेय, आत या." दाराजवळ चित्रांची एक पट्टी होती: दप्तर खुंटीला, पाण्याची बाटली मांडणीवर, गृहपाठाची वही निळ्या ट्रेमध्ये, स्वतःच्या नावाचं कार्ड ‘आलो’ या खणात, मग जागेवर बसून फळ्यावरचं छोटं काम. आम्ही मोठी माणसं, तरी पहिल्यांदा करताना गोंधळलो. कुणी वही ट्रेमध्ये टाकायची विसरलं, कुणी कार्ड शोधत राहिलं. मग बाईंनी सगळ्यांना पुन्हा बाहेर पाठवलं. दुसऱ्या खेपेला कुणालाच पट्टीकडे बघावं लागलं नाही.

त्यानंतर त्यांनी कारण सांगितलं. सहा-सात वर्षांच्या मुलाला एका वेळी डोक्यात धरता येतं ते मोठ्यांच्या मानानं कमीच. "दप्तर ठेव, वही दे, बाटली काढ आणि पुस्तक उघड" असं एका दमात सांगितलं, तर शेवटचं तेवढं लक्षात राहतं किंवा पहिलं तेवढं. मूल ऐकत नाही असं आपल्याला वाटतं, पण त्याच्या डोक्यात त्या क्षणी जागाच उरलेली नसते. तेच काम रोज त्याच क्रमानं झालं की ते हातांना ठाऊक होतं आणि डोकं शिकायला मोकळं राहतं. दिवसाचं वेळापत्रकही भिंतीवर चित्रांतच आहे. तास बदलला की एक मूल बाण पुढे सरकवतं. मैदानाचा तास रद्द होणार असेल, तर बाई सकाळीच ते कार्ड काढून दुसरं लावतात आणि मुलांना दाखवतात. ऐन वेळी कळलं की काही मुलं रडतात, आधी दिसलं की बहुतेक जण सावरतात. बदल अचानक आला की बिचकणाऱ्या मुलांना याचा फार आधार असतो.

दिनचर्या म्हणजे शिस्त आणि शिस्त म्हणजे धाक, असं मानणारी मंडळी मी माझ्या पिढीत भरपूर पाहिली आहेत. या वर्गात आवाज चढवायची गरज का पडत नाही, ते मला त्या दारात उभं राहून उमगलं. हे कागदावर लिहून दिलं असतं तर मी वाचून बाजूला ठेवलं असतं.

मग गणित. याची मी वाटच पाहत होते, कारण घरी आमचं गाडं इथेच अडलं होतं. बाईंनी फळ्यावर 52 वजा 27 लिहिलं आणि आमच्यापुढे काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे ठेवले. पाच गठ्ठे, दोन सुट्या. "यातून सत्तावीस काढून द्या." सुट्या दोनच, त्यातून सात निघत नाहीत. मग एक गठ्ठा सोडायचा. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. बारातून सात गेल्या, पाच राहिल्या. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन राहिले. पंचवीस. गल्ल्यावर सुटे संपले की मोठी नोट मोडतात, तसंच हे, आणि माझं आयुष्य त्यातच गेलेलं. काड्यांनंतर तेच चित्रात काढायचं, दहासाठी उभी रेघ आणि एकासाठी ठिपका, आणि सगळ्यात शेवटी नुसते अंक. हातानं, मग चित्रानं, मग चिन्हांनी, हा क्रम मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी 1960च्या दशकात मांडला आणि आज जगभरच्या प्राथमिक वर्गांत तो वापरला जातो.

आता आमची अडचण. माझ्या वयाच्या लोकांनी वजाबाकी वेगळ्या रीतीनं शिकलेली आहे. वरच्या दोनाचे बारा करायचे, बारातून सात गेले पाच, हातचा एक खालच्या दोनात मिळवून तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर तेच, पंचवीस. ही रीत चूक नाही. वरच्या संख्येत एककांच्या घरात दहा वाढवले, खालच्या संख्येत दशकाच्या घरात एक म्हणजेच दहाच वाढवले, त्यामुळे फरक बदलत नाही. बाईंनी हे सगळ्यांसमोर उलगडून सांगितलं आणि जुन्या रीतीला नावं ठेवली नाहीत, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी विशेष आदर आहे. पण पुढे त्यांनी एका वहीतलं उदाहरण दाखवलं, नाव झाकून. मुलानं शाळेच्या रीतीनं वरच्या पाचाचे चार केले होते आणि घरच्या रीतीनं खालच्या दोनाचे तीनही केले होते. चारातून तीन गेले एक. उत्तर 15. दोन्ही रीती बरोबर, दोन्ही शिकवणारे बरोबर, आणि गणित चुकलेलं. ते मूल ‘कच्चं’ नव्हतं, दोन मोठ्या माणसांच्या मध्ये सापडलेलं होतं.

बाईंची विनंती एवढीच होती: मूल काड्यांनी आणि चित्रांनी स्वतः समजावून सांगू लागेपर्यंत घरी दुसरी रीत काढू नका, नंतर हवी तर जरूर दाखवा. माझ्या मते या एका गोष्टीसाठीसुद्धा असं सत्र भरवावं. शाळा काय शिकवणार याची यादी कुठेही मिळते. शाळा कशी शिकवणार आणि त्या वेळी घरानं कशापासून दूर राहायचं, हे मात्र शाळेनं समोर बसवून सांगितलं तरच कळतं.

संख्यालेखनाबद्दलही त्या बोलल्या. सत्तावीस ऐकलं की मूल 72 लिहितं, कारण कानावर आधी सात पडतो. आपल्या संख्यानामांत एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी. एकोणतीसमध्ये तर कानावर तीस पडतो आणि लिहायचे 29. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात आणि तिथली मुलंही अशाच उलट्या संख्या लिहितात, असं बाईंनी सांगितलं तेव्हा वर्गातल्या कितीतरी पालकांचे चेहरे सैलावले. यावर त्यांचा उपाय साधा आहे. संख्या सांगितली की आधी गठ्ठे उचलायचे, मग सुट्या, मग लिहायचं. आणि ‘किती हा वेंधळेपणा’ असं म्हणायचं नाही, कारण तो वेंधळेपणा नाहीच.

पाढ्यांचं त्यांनी थोडक्यात पण छान सांगितलं. आधी 2, 5 आणि 10, मग 3 आणि 4. सहा चोक आणि चार सक एकच, हे मुलाला मांडणी करून एकदा दाखवलं की एक ते दहाच्या पाढ्यांतल्या शंभर गुणाकारांपैकी निराळे फक्त 55 उरतात. पाठांतराला त्यांचा विरोध नाही. अर्थ कळल्यावर पाठांतर हवंच, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मीही त्याच मताची.

वाचनाच्या भागात बाईंनी फळ्यावर एक गुणाकार लिहिला: अक्षर उलगडणं गुणिले भाषा समजणं म्हणजे समजून वाचणं. गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी 1986 साली ही मांडणी केली. बेरीज का नाही, असं एका आईनं विचारलं. बाई म्हणाल्या, "दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येतं, म्हणून." घडाघडा वाचणाऱ्या पण अर्थ न सांगता येणाऱ्या मुलाची आणि गोष्टी रंगवून सांगणाऱ्या पण शब्दावर अडखळणाऱ्या मुलाची गरज वेगवेगळी असते, हे त्या एका ओळीत पोचलं. म्हणून घरी दोन प्रकारचं वाचन हवं. मुलाला स्वतः वाचायला सोपं पुस्तक, आणि आपण मोठ्यानं वाचून दाखवायला त्याच्या वाचनपातळीच्या बरंच वरचं. दुसरीत आल्यावर ‘आता तुझं तू वाच’ म्हणून वाचून दाखवणं बंद करू नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं. जोडाक्षरांत आधी ‘पुस्तक’, ‘गोष्ट’ यांसारखे अर्धं अक्षर डोळ्यांना दिसणारे शब्द, रफाराचे ‘सूर्य’, ‘पर्वत’ नंतर, कारण तिथे र उच्चारात आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. मूल शब्दावर अडलं की चित्राकडे बोट दाखवून अंदाज करायला लावू नका, अक्षरांकडे परत न्या, शब्द लागला की पूर्ण वाक्य पुन्हा वाचू द्या. चार वाक्यांत सांगितलेली ही गोष्ट घरी रोज उपयोगी पडते आहे.

गृहपाठ वीस मिनिटांच्या वर जाता कामा नये, हा वर्गाचा नियम. वीस मिनिटं झाली की काम अर्धं असलं तरी वही मिटायची आणि पालकांनी तिथे छोटी खूण करायची. बाईंना त्यावरून कळतं की काम जास्त दिलं गेलं किंवा मुलाला जड गेलं. झोपेबद्दल त्यांनी 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी रोज 9 ते 12 तासांचं प्रमाण सांगितलं. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या अकादमीनं 2016 मध्ये हेच प्रमाण दिलेलं आहे. हे ऐकून मागच्या बाकांवर थोडी कुजबुज झाली. आईवडील उशिरा घरी येतात आणि मुलं त्यांच्यासाठी जागी राहतात, अशी घरं किती असतील याची कल्पना त्या कुजबुजीतून आली. बाईंनी उपदेश केला नाही. झोप कमी झालेल्या दिवशी वहीत तसं लिहून पाठवा, त्या दिवशी मी मुलाकडून बेतानं काम घेईन, एवढंच म्हणाल्या.

मूल्यमापनाचा विषय मात्र तापला. नव्या पद्धतीत दुसरीला गुण नाहीत. वर्षातून ठरावीक वेळा शिक्षकांच्या नोंदी आणि मुलाच्या कामाचे नमुने घरी येतील. "गुण नाहीत तर मूल कुठे आहे ते कळणार कसं?" हा प्रश्न तीन-चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला, आणि तो रास्त आहे. उत्तरादाखल बाईंनी एकाच मुलाच्या लिखाणाचे तीन नमुने भिंतीवर लावले, वर्षाच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा. पहिल्यात दोन सुटी वाक्यं, शेवटच्यात घडलेल्या प्रसंगाचा क्रम लावून लिहिलेलं अर्धं पान. खाली त्यांची नोंद: ‘काय झालं ते क्रमानं लिहितो. पूर्णविराम विसरतो. पुढे: लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून पूर्णविराम शोधणे.’ यात पुढचं पाऊलही आहे. दहापैकी सात या आकड्यात ते कधीच नसतं. शैक्षणिक मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, याहून थोड्या मोठ्या मुलांच्या बाबतीत, नुसता शेरा मिळालेली मुलं पुढे सुधारली आणि शेऱ्याबरोबर गुणही मिळालेली मुलं तशी सुधारली नाहीत, कारण गुण दिसल्यावर शेऱ्याचा उपयोगच झाला नाही. हे बाईंनी सांगितलं नाही, मी आधी वाचलेलं होतं. त्यांनी सांगितलं असतं तर वादाची धार कमी झाली असती असं मला वाटतं.

आता उरलेला अर्धा गुण. सत्र कामाच्या दिवशी भर दुपारी होतं. आमच्या वर्गातले निम्मे पालक आले नसतील. न आलेल्यांना नंतर पाठवला गेला तो सभागृहातल्या पडद्यावरचा मजकूर. दारातली ती चित्रांची पट्टी, काड्यांची वजाबाकी, वहीतलं 15 हे उत्तर, यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. ज्यांना सुटी मिळत नाही त्यांच्या मुलांनाच घर आणि शाळा यांच्यातल्या मेळाची जास्त गरज असते, त्यामुळे ही त्रुटी मला लहान वाटत नाही. प्रश्नोत्तरांचा वेळही बस आणि गणवेशात सरला. एका वडिलांनी मुलाला एका कानानं कमी ऐकू येतं, तो कुठे बसेल, असं विचारलं, तेव्हा पर्यवेक्षकांनी "नंतर भेटा" म्हणून पुढचा प्रश्न घेतला. सगळ्यांसमोर धीर करून विचारलेल्या अशा प्रश्नाला तिथेच अर्धं मिनिट द्यायला हवं होतं. बाईंनी सत्र संपल्यावर त्यांना गाठलं आणि भिंतीजवळची, चांगला कान फळ्याकडे राहील अशी जागा त्यांच्याबरोबर उभं राहून ठरवली. चित्रकला, संगीत आणि खेळ यांना तर एकेक वाक्यच मिळालं.

घरी काय बदललं तेही लिहिते, कारण अशा सत्राचं मोल त्यावरूनच ठरतं. रात्री दप्तर भरण्यासाठी नातीनं स्वतः चार चित्रांची पट्टी काढून कपाटाच्या दारावर चिकटवली आहे. आता तिला एकेक वस्तूची आठवण करून द्यावी लागत नाही. काड्यांचे गठ्ठे टेबलावर असतात. माझा मुलगा रात्री तिला वाचून दाखवतो, ती पूर्वी झोपायला निघायची त्यापेक्षा थोडं लवकर सुरू करून. आणि ‘आज काय शिकवलं?’ याऐवजी मी ‘आज कुठे अडलं?’ असं विचारते. बाईंनीच सुचवलेला हा प्रश्न. पहिल्याचं उत्तर नेहमी ‘काही नाही’ असं यायचं, दुसऱ्याला उत्तर येतं आणि बऱ्याचदा ते लांबतं.

अभिप्रायाच्या कागदावर मी तीन मागण्या लिहून दिल्या आहेत. हेच सत्र एकदा संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी घ्यावं. वर्गातल्या भागाचं चित्रीकरण करून सगळ्या घरांना पाठवावं. आणि सहामाहीनंतर पुन्हा एकदा तासभर बोलवावं, कारण गुणाकार आणि लांब वाक्यांचं लेखन तेव्हा सुरू होईल आणि घरोघरच्या जुन्या रीती पुन्हा पुढे येतील. संध्याकाळच्या सत्राला शाळेनं होकार कळवला आहे. बाकी दोन मागण्यांचं उत्तर यायचं आहे. तुमच्या शाळेत असं सत्र असेल तर नक्की जा, वर्गातल्या वह्यांचे नमुने दाखवायला सांगा आणि वजाबाकी कोणत्या रीतीनं शिकवणार ते आधी विचारा.